न निघालेले पत्र

पेटीत टाकलेले पत्र पेटीतच राहिले, असे टपालाच्या व्यवहारात क्वचितच घडते. पत्र उशिरा पोहोचेल, भलत्याच गावी जाईल, पावसात भिजेल. पण ते जागचे हललेच नाही असे सहसा होत नाही. ई-मेलच्या व्यवहारात मात्र हा अनुभव नित्याचा आहे. काल संध्याकाळपर्यंत पत्रे सुरळीत जात होती. आज सकाळी संगणक तोच, माणूस तोच, पत्ताही तोच; आणि पत्र मात्र आउटबॉक्समध्ये ठाण मांडून बसलेले. अधिक नवलाची गोष्ट अशी की, याच वेळी बाहेरून येणारी पत्रे बिनबोभाट येत असतात. येण्याची वाट मोकळी आणि जाण्याची तेवढी बंद, हे कसे घडावे?

या प्रश्नाचे उत्तर यंत्रात शोधण्यापूर्वी इतिहासात शोधलेले बरे. ई-मेलच्या घराला दोन दरवाजे आहेत, आणि ते दोन निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या समजुतीने बांधले गेले. आलेले टपाल ज्यातून घ्यावयाचे त्या दरवाजाला आरंभापासून कुलूप होते. जाणारे टपाल ज्यातून पाठवावयाचे तो दरवाजा मात्र पुष्कळ वर्षे सताड उघडा होता, आणि त्यावर एकामागून एक कुलपे मागाहून चढवावी लागली. आज अडलेले पत्र बहुधा यांपैकी एखाद्या कुलपापाशी अडलेले असते. ते कुलूप कोणी, केव्हा आणि कशासाठी लावले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला किल्ली शोधण्यास फार वेळ लागत नाही.

या कथेचा प्रारंभ १९७१ साली अमेरिकेतील केंब्रिज या गावी होतो. तेथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेत काम करणारे रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील माणसाला पत्र पाठवले. दोन्ही संगणक शेजारीशेजारीच उभे होते, पण त्यांच्यामधील दुवा अर्पानेट या जाळ्यातून जात होता. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये त्यांनी जी खूण घातली, तीच आज प्रत्येक ई-मेल पत्त्याच्या मध्यभागी बसलेली असते. पुढील दहा वर्षे पत्रे जात राहिली ती बरीचशी उसनवारीच्या साधनांनी. फायली इकडून तिकडे नेण्याच्या व्यवस्थेतच टपालाचीही सोय लावलेली होती.

टपालाला स्वतःची स्वतंत्र रीत मिळाली ती ऑगस्ट १९८२ मध्ये. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीविज्ञान संस्थेतील जॉन पोस्टेल यांनी ती लिहून प्रसिद्ध केली. या क्षेत्रातील नियमांच्या पुस्तिकांना ‘अभिप्रायार्थ विनंती’ असे विनयशील नाव आहे, आणि पोस्टेल यांच्या पुस्तिकेचा क्रमांक होता ८२१. तिच्यात सांगितलेली रीत एसएमटीपी या आद्याक्षरांनी ओळखली जाते, आणि पुष्कळ दुरुस्त्या होऊनही आजचे टपाल तिच्याच पायावर चालते. ‘साधी टपालवाहतूक पद्धत’ असा त्या आद्याक्षरांचा अर्थ सांगता येईल. ती खरोखरच साधी होती. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला नमस्कार करावा, पत्र कोणाकडून हे सांगावे, कोणाला हे सांगावे, मजकूर द्यावा आणि निरोप घ्यावा. प्रत्येक वाक्यागणिक समोरच्या यंत्राने होकार वा नकार कळवावा. संभाषण एवढेच.

या संभाषणात एक प्रश्न मात्र कोठेही विचारलेला नव्हता. ‘तू कोण, आणि त्याला पुरावा काय?’ हा तो प्रश्न. पत्र पाठवणाऱ्याने जे नाव सांगितले ते खरे मानावयाचे, अशीच ती रीत होती. उलट १९८४ च्या ऑक्टोबरात आलेले टपाल काढून घेण्यासाठी जी पहिली पद्धत प्रसिद्ध झाली, तिने नाव आणि परवलीचा शब्द मागितला. यात विसंगती अशी नव्हती. साठवलेल्या टपालाला मालक असतो, ते दुसऱ्याच्या हाती पडता कामा नये, हे उघड होते. पाठवण्याने मात्र कोणाचे काय बिघडणार? रस्त्यावरच्या लाल पेटीत पत्र टाकणाऱ्याला तरी कोण नाव विचारतो?

त्या काळचे जाळे पाहिले म्हणजे ही बेफिकिरी समजू शकते. १९८२ साली अर्पानेटवर यंत्रे होती ती काही शेकडा. ती विद्यापीठांत, संशोधनसंस्थांत आणि लष्करी कचेऱ्यांत होती, आणि ती चालवणारी माणसे एकमेकांना नावाने ओळखत. स्वतः काटेकोर वागावे आणि दुसऱ्याचे वागणे उदारपणे स्वीकारावे, हे पोस्टेल यांचे सूत्र त्या समाजाचा आचारधर्मच होता. अमुक नावाचा माणूस तुमच्याकडे आहे काय, असे कोणत्याही यंत्राला विचारण्याची सोयदेखील त्या पद्धतीत ठेवलेली होती. एवढेच नव्हे, तर अनोळखी यंत्राने आणलेले, आणि तिसऱ्याच यंत्राकडे जावयाचे पत्रही आपल्या दारात घ्यावे आणि पुढे पोहोचते करावे, हा शेजारधर्म समजला जाई. अशा रीतीने परक्याचे टपाल पुढे नेणाऱ्या यंत्राला ‘उघडा रिले’ म्हणतात. आज हा शब्द दोषारोपासारखा उच्चारला जातो. त्या वेळी ते सौजन्याचे लक्षण होते.

धोक्याची सूचना वास्तविक त्याआधीच मिळालेली होती. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट या संगणक बनवणाऱ्या कंपनीतील गॅरी थ्यूर्क यांनी आपल्या नव्या यंत्रांची जाहिरात अर्पानेटवरील सुमारे चारशे जणांना एकदम पाठवली. पत्ते इतके झाले की पत्त्यांच्या जागेत ते मावेनात, आणि उरलेले मजकुरात सांडले. रोष झाला, समज देण्यात आली, आणि प्रकरण मिटले. सामाजिक नापसंतीची भीती हेच त्या समाजाचे कुलूप होते, आणि काही काळ ते पुरलेही.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी त्या समाजाला दुसरा धक्का बसला. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक स्वयंप्रसारी प्रोग्रॅम यंत्रामागून यंत्र जायबंदी करीत गेला. त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक वाट टपालाची होती. बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी लिहिलेला सेंडमेल हा प्रोग्रॅम त्या काळी बहुतेक मोठ्या यंत्रांवर टपाल हाताळीत असे, आणि त्यातील दोष शोधण्यासाठी ठेवलेली एक खिडकी पुष्कळ ठिकाणी उघडीच राहिली होती. टपाल घेणारे यंत्र हे बाहेरच्या जगाला दिलेले प्रवेशद्वार आहे, हे त्या रात्री अनेकांच्या प्रथमच ध्यानात आले.

खरी आपत्ती आली ती १९९० नंतरच्या दशकात, जाळे सर्वसामान्यांना खुले झाल्यावर. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांपासून सार्वजनिक इंटरनेट सेवेचा आरंभ केला. म्हणजे भारतीय ग्राहक या व्यवहारात शिरला तो जुन्या विश्वासाच्या अखेरच्या वर्षांत. जाहिरातदारांना तोवर शोध लागला होता की, टपालाचा खर्च पाठवणाऱ्यावर पडत नाही. तो वाहून नेणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर पडतो. परक्याच्या उघड्या रिलेला एक पत्र आणि हजारो पत्ते द्यावेत, म्हणजे पुढील सारी हमाली ते बिचारे यंत्रच करी. या नको असलेल्या टपालाला स्पॅम हे नाव रूढ झाले, आणि त्याच्या लोंढ्याखाली शेजारधर्म बुडाला.

पहिले कुलूप लागले ते १९९७ साली. पॉल विक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातून एक यादी चालवण्यास प्रारंभ केला. स्पॅम पाठवणाऱ्या अथवा त्याला थारा देणाऱ्या यंत्रांचे क्रमांक तिच्यात असत, आणि कोणाचेही यंत्र पत्र घेण्यापूर्वी ती यादी क्षणार्धात पाहू शके. १९९८ मध्ये स्पॅमहाउस ही अशाच कामाची संस्था निघाली. यादीत नाव आले की त्या यंत्राकडून जाणारे टपाल अनेक दारांवरून एकदम परत फिरू लागे. त्या यंत्राच्या आश्रयाने राहणाऱ्या निरपराध माणसांचीही पत्रे त्यातच अडत. हा अन्याय होता, आणि तो जाणूनबुजून पत्करलेला होता. कारण आश्रय देणाऱ्यावर दडपण आणण्याचा दुसरा उपाय कोणाला सुचत नव्हता.

त्याच १९९८ साली सेंडमेलची ८.९ ही आवृत्ती निघाली, आणि तिने परक्याचे टपाल पुढे नेण्याचे आपण होऊन बंद केले. ही सुधारणा जेथे जेथे पोहोचली तेथे तेथे पत्रे एकाएकी अडू लागली. घरून वा परगावाहून आपल्याच संस्थेच्या यंत्रामार्फत पत्र पाठवू पाहणाऱ्या माणसाला यंत्र सांगू लागले की, तू आमच्या आवारातला नाहीस, तुझे टपाल पुढे नेता येत नाही. आपल्याच घराच्या उंबरठ्यावर परके ठरण्याचा हा प्रसंग होता. काही ठिकाणी तोडगा म्हणून असे ठरले की, आधी आलेले टपाल परवलीचा शब्द देऊन उघडावे, म्हणजे पुढील काही मिनिटे जाणारे टपालही स्वीकारले जाईल. कुलूप असलेल्या दाराची किल्ली कुलूप नसलेल्या दाराला लावण्याचाच हा प्रकार होता.

त्या वर्षीच्या १६ ऑक्टोबरला जॉन पोस्टेल यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, डिसेंबर १९९८ मध्ये, टपाल स्वीकारण्याचे दोन वेगळे दरवाजे असावेत अशी नवी पुस्तिका निघाली. संगणकावरील अशा दरवाजांना पोर्ट म्हणतात आणि त्यांना क्रमांक असतात. टपालाचा जुना पोर्ट २५ हा यंत्रांनी यंत्रांशी बोलण्यासाठी राहावा, आणि माणसांनी आपले टपाल आपल्या टपालघराच्या स्वाधीन करावे ते पोर्ट ५८७ मधून, अशी ती वाटणी होती. मार्च १९९९ मध्ये जाणाऱ्या टपालासाठी नाव आणि परवलीचा शब्द विचारण्याची पद्धतही प्रसिद्ध झाली. १९८२ साली न विचारलेला प्रश्न सतरा वर्षांनी विचारला गेला.

तरीही पोर्ट २५ सर्वांना उघडाच होता, आणि त्याचा गैरफायदा नव्या रीतीने घेतला जाऊ लागला. २००३ च्या ऑगस्टात सोबिग या विषाणूने घरोघरीचे संगणक मालकाला न कळत स्पॅम पाठवणारे गुलाम बनवले. तेव्हा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी घरगुती ग्राहकांसाठी पोर्ट २५ ची वाटच हळूहळू बंद करण्यास सुरुवात केली. ज्याच्या संगणकात जुना क्रमांक लिहून ठेवलेला होता त्याची पत्रे त्या दिवशी थांबली. येणारी पत्रे येत राहिली, कारण त्यांची वाट वेगळी होती. कचेरीत चालणारा लॅपटॉप घरी वा हॉटेलात नेल्यावर पत्र पाठवीनासा होतो, याचे एक कारण आजही हेच असते.

क्रमांकांच्या या इतिहासात ४६५ या पोर्टची कथा विशेष मजेची आहे. १९९७ साली गुप्त लिपीतून टपाल पाठवण्यासाठी हा क्रमांक नोंदवला गेला. लगेच पुढच्या वर्षी ती नोंद रद्द झाली, कारण साध्या दारातून आत येऊन मग गुप्त लिपी धरण्याची दुसरी तऱ्हा अधिक चांगली असे तज्ज्ञांचे मत पडले. तो क्रमांक पुढे दुसऱ्याच कामाला देण्यात आला. पण लोकांनी तो सोडला नाही. कागदोपत्री मेलेला हा दरवाजा वीस वर्षे राजरोस वाहता राहिला, आणि अखेर जानेवारी २०१८ मध्ये नियमकर्त्यांनी त्याला टपालासाठी पुन्हा मान्यता दिली. यामुळेच एका पुस्तिकेत ५८७ आणि दुसरीत ४६५ असे निरनिराळे सल्ले आढळतात. दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत. मात्र प्रत्येकाची गुप्त लिपीची तऱ्हा वेगळी असल्याने एकाची तऱ्हा दुसऱ्याला लावली की पत्र निघत नाही.

पाठवणाऱ्या माणसाची ओळख अशी पटवली गेली, तरी एक प्रश्न उरलाच. पाकिटावर लिहिलेल्या संस्थेचेच हे पत्र आहे, हे दूरच्या टपालघराने कसे ओळखावे? त्यासाठी तीन उपाय क्रमाने आले. आपल्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे याची यादी संस्थेने जाहीर करावी, हा एसपीएफ नावाचा उपाय २००६ मध्ये लेखी आला. प्रत्येक पत्रावर आकडेमोडीची मोहर उमटवावी, हा डीकेआयएम नावाचा उपाय २००७ चा. जुन्या मराठी राजपत्रांच्या अखेरीस मोर्तब उमटवीत, ते मजकुराची सीमा ठरावी आणि मागाहून कोणी अक्षर घुसडू नये म्हणून. या मोहरेचे कार्यही त्याच जातीचे आहे. या दोन परीक्षांत पत्र नापास झाले तर काय करावे, हे संस्थेनेच आगाऊ सांगून ठेवावे, हा डीमार्क नावाचा तिसरा उपाय २०१५ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाला.

या उपायांची धार किती तीक्ष्ण आहे हे त्याआधीच, एप्रिल २०१४ मध्ये, दिसून आले होते. याहू कंपनीने आपल्या नावाची पण परीक्षेत न उतरणारी पत्रे सरळ नाकारावीत असे जगाला कळवले, आणि त्याच महिन्यात एओएलनेही तसेच केले. फसवणूक करणारांना आळा बसला. पण ज्या चर्चामंडळांत एकाचे पत्र मंडळाचे यंत्र सर्वांना वाटून देते, तेथील याहूच्या सभासदांची पत्रे जागोजागी नाकारली जाऊ लागली. पत्र लिहिणाऱ्याने काही बदलले नव्हते, मंडळानेही नव्हते. बदल झाला होता तो तिसऱ्याच ठिकाणी. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू या दोघांनी, मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणारांना हे तिन्ही उपाय सक्तीचे केले, आणि लहान पाठवणारांनाही पहिल्या दोहोंपैकी निदान एक आवश्यक ठरवला.

परवलीच्या शब्दाचेही असेच झाले. ज्या शब्दाने १९९९ साली दरवाजा सुरक्षित केला, तो चोरीला जाऊ लागल्यावर अपुरा ठरला. ३० मे २०२२ पासून गूगलने केवळ नाव आणि नेहमीचा परवलीचा शब्द एवढ्यावर परक्या प्रोग्रॅमना आपल्या व्यक्तिगत खात्यांत प्रवेश देण्याचे थांबवले. जुने टपाल-प्रोग्रॅम, आणि कागद तपासून आपोआप ई-मेल करणारी कचेरीतील यंत्रे, अशा कित्येकांची वाट तेथे खुंटली. शब्द बरोबर असूनही तो चुकीचा आहे असे यंत्र सांगते, तेव्हा बहुधा शब्द चुकलेला नसतो. त्या शब्दाचा अधिकार संपलेला असतो. द्विस्तरीय पडताळणी सुरू करून त्या एका यंत्रापुरता वेगळा शब्द मिळवला की काम पुन्हा चालते. यंत्रांच्या प्रमाणपत्रांनाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एक सर्वत्र वापरले जाणारे मूळ प्रमाणपत्र मुदतीनुसार संपले, आणि सुधारणा न झालेली जुनी यंत्रे कालपर्यंतच्या विश्वासू सर्व्हरना ओळखेनाशी झाली. संगणकाचे घड्याळ चुकले तरी हाच परिणाम होतो. चालू प्रमाणपत्र त्याला मुदतबाह्य वाटते.

एवढी कुलपे मोजल्यावरही असे म्हणता येणार नाही की, प्रत्येक अडथळा कोणीतरी हेतुपुरस्सर घातलेला असतो. काही अडथळे निव्वळ अपघाताचे असतात, आणि त्यांतील दोन इतिहासात नोंदण्याजोगे आहेत.

पहिला अमेरिकेतील. ट्रे हॅरिस या टपालव्यवस्थापकाने तो २००२ साली लिहून प्रसिद्ध केला, आणि किरकोळ तपशील बदलले वा गाळले असल्याचेही त्याने प्रांजळपणे सांगितले. प्रसंग त्याआधीच्या दशकातला. नॉर्थ कॅरोलिनातील एका विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागप्रमुखांनी त्याला कळवले की, आमच्याकडून पाचशे मैलांपलीकडे ई-मेल जात नाही. तक्रार वेडगळ वाटावी अशीच होती. पण प्राध्यापक संख्याशास्त्राचे. पुरेशी माहिती गोळा होईपर्यंत ते काही दिवस थांबले होते, आणि त्यांच्याजवळ नकाशा तयार होता. हॅरिसने स्वतः पडताळून पाहिले. न्यूयॉर्कला पत्र गेले, प्रॉव्हिडन्सला गेले नाही. नॉर्थ कॅरोलिनातच राहणाऱ्या, पण ज्याचे टपालघर दूर सिअ‍ॅटलला होते अशा एका मित्राला पाठवलेले पत्रही अडले. तेव्हा अंतर मोजावयाचे होते ते माणसापर्यंतचे नव्हे, यंत्रापर्यंतचे.

कारण असे निघाले. कोणी सल्लागार येऊन यंत्राची व्यवस्थाप्रणाली सुधारून गेला होता. त्या सुधारणेबरोबर सेंडमेलची आठवी आवृत्ती जाऊन जुनी पाचवी आली. सूचनांची फाइल मात्र आठवीचीच राहिली. नव्या भाषेतील सूचना जुन्या प्रोग्रॅमला कळल्या नाहीत, आणि दूरच्या यंत्राच्या उत्तराची किती वेळ वाट पाहावी ही मुदत शून्यावर गेली. प्रत्यक्षात त्या यंत्राला धीर सोडण्यास तीन सहस्रांश सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागत असे. तेवढ्या वेळात प्रकाश जातो सुमारे ५५८ मैल. वेडगळ तक्रार अक्षरशः खरी होती.

दुसरा प्रसंग १ जानेवारी २०२२ चा. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या टपालप्रणालीच्या २०१६ आणि २०१९ च्या आवृत्त्या ज्या संस्था स्वतःच्या जागेत चालवीत होत्या, त्यांपैकी पुष्कळांचे टपाल नववर्षाच्या पहिल्याच घटकेला रांगेत तुंबले. पत्रातील विषाणू तपासणाऱ्या भागाचा आवृत्तिक्रमांक तारखेवरून बनत असे. त्या दिवशी तो २२०१०१०००१ असा झाला. तो ज्या कप्प्यात ठेवावयाचा त्याची कमाल मर्यादा होती २१४७४८३६४७. आकडा कप्प्यात मावेना, तपासनीस कोसळला, आणि तपासल्याशिवाय पत्र सोडावयाचे नाही असा नियम असल्याने टपाल जेथल्या तेथे थांबले. पहारेकरी मूर्च्छित पडला म्हणून वेस बंद राहिली, असाच तो प्रकार होता.

या साऱ्या प्रसंगांतून शोधाची एक रीत आपोआप हाती येते. पोस्टेल यांच्या पुस्तिकेतच तिचे मूळ आहे. समोरचे यंत्र प्रत्येक वाक्याला तीन आकडी उत्तर देते, आणि त्यातील पहिला आकडा सर्वांत बोलका असतो. दोन म्हणजे मान्य. तीन म्हणजे पुढे बोला. चार म्हणजे आता नाही, थोड्या वेळाने या. पाच म्हणजे नाही. चारने सुरू होणाऱ्या उत्तरावर घाई करू नये. टपालघर ते पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि हार मानण्यापूर्वी चार-पाच दिवस वाट पाहावी असा नियमच आहे. पाचने सुरू होणाऱ्या उत्तरावर तेच पत्र पुन्हा पुन्हा पाठवणे व्यर्थ. ५३५ हा आकडा ओळख पटली नाही असे सांगतो. ५५० बहुधा पत्ता अथवा परवानगी यांविषयी बोलतो. आणि आकडाच येत नसेल, नुसतीच शांतता असेल, तर पत्र दारापर्यंत पोहोचलेलेच नाही. मग पोर्ट, जाळे आणि वाटेतील पहारे पाहावेत. पुष्कळ लोक परत आलेल्या निरोपातील या ओळी न वाचताच तो पुसून टाकतात आणि खात्याची मांडणी नव्याने करीत बसतात. निदान लिहून आलेले असताना नाडी चाचपीत बसण्यासारखेच ते आहे.

दुसरा प्रश्न विचारावयाचा तो असा की, काल आणि आज यांत काय बदलले? येथे इतिहासाची शिकवण महत्त्वाची आहे. ‘मी काहीच बदलले नाही’ हे माणसाचे म्हणणे बहुतेक वेळा खरे असते, आणि तरीही पुरेसे नसते. सेंडमेलची सुधारणा, पोर्ट २५ ची बंदी, याहूची घोषणा, प्रमाणपत्राची मुदत, यांतील एकही बदल पत्र लिहिणाऱ्याने केलेला नव्हता. म्हणून पत्र एकट्या संगणकावरून जात नाही की फोनवरूनही नाही, एकाच पत्त्याला जात नाही की सर्वांना, एकाच जाळ्यावरून जात नाही की सर्व जाळ्यांवरून, ही छाननी त्या संख्याशास्त्र्यांप्रमाणे शांतपणे करावी. बदल कोठे झाला हे त्यावरून ठरते.

या इतिहासात लाभहानी दोन्ही आहेत. कुलपे नसती तर ई-मेल हे साधन स्पॅमखाली केव्हाच निकामी झाले असते. पण कुलपांचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. बडोदे, इंदूर किंवा हैदराबाद येथील एखाद्या लहान महाराष्ट्र मंडळाने वार्षिक सभेची सूचना सहाशे सभासदांना एकदम पाठवावी, तर जीमेलच्या व्यक्तिगत खात्याची दिवसाची पाचशेची मर्यादा आड येते. मंडळाने स्वतःच्या नावाने टपाल चालवावे, तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांची नोंद कोणी करावी हा प्रश्न पडतो. आणि ज्या भाड्याच्या सर्व्हरवर त्याचे बिऱ्हाड आहे, त्याच सर्व्हरवरील एखाद्या उपद्व्यापी शेजाऱ्यापायी त्याचेही नाव काळ्या यादीत जाऊ शकते. मोठ्या कंपन्यांकडे या कामाला माणसे आहेत. मंडळाकडे बहुधा एक हौशी चिटणीस असतो. त्यामुळे लहान संस्था आपले टपालघर मोडून मोठ्यांच्या आश्रयाला जातात, आणि ज्या जाळ्यात प्रत्येक यंत्र दुसऱ्याच्या बरोबरीचे होते, त्यातील टपाल मूठभर टपालघरांत एकवटत चालले आहे.

पोस्टेल यांची पद्धत मात्र अजूनही कोणाची मिरासदारी नाही. तिचे नियम खुले आहेत. ते वाचून, पाळून कोणीही आपले टपालघर आजही उभारू शकतो, आणि काही चिकाटीची माणसे उभारतातही. मंडळाच्या चिटणिसाने परत आलेल्या निरोपातील तो तीन आकडी अंक एकदा नीट वाचला, आणि आपल्या नावाच्या नोंदी एकदा नीट करून घेतल्या, तर त्याचे पत्रही निघू शकते. सभेची तारीख मात्र त्याने थोडी पुढची ठेवावी.